एका ब्लाउजला लागणारा वेळ

नलू, केबिन रोडवरच्या आपल्या दुकानात सहा माणसांसमोर मी ओरडले की तू मला फसवलंस. तू नव्हतं फसवलंस. मी तुला फसवत होते. सलग अकरा आठवडे, दुपारी, हातात मोबाइल धरून.

हे त्या सहा जणांसमोर बोलायला हवं होतं. तू जाऊन आज बावीस दिवस झाले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला सांगून जातं, की जावा असून तुम्ही बहिणींसारख्या राहिलात. मी मान हलवते. मनात म्हणते, बहिणी असतो तर दुसऱ्याच वर्षी दुकानाच्या मधोमध पडदा लावून मोकळ्या झालो असतो. आपण जावा होतो म्हणून टिकलो. तुला माझं तोंड माहीत होतं आणि मला तुझे हात.

लालबागची खोली सोडून दोघा भावांनी इथे समोरासमोर घरं घेतली, तेव्हा मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. तू म्हणालीस, "ताई, हे सगळं पांढरं काय आहे?" मी म्हटलं, "मीठ. जेवणात टाकतेस ते." तू दिवसभर हसलीस. तुझ्याकडे आईची कात्री होती, माझ्याकडे तोंड होतं, एवढ्यावर दुकान काढलं. मी गिऱ्हाईक आत ओढायची, कापडवाल्याशी भांडायची, जागामालकाला नमवायची. तू टेबलाशी उभी राहून कापायचीस. बारा वर्षांत मी एकही ब्लाउज कापला नाही. हूक लावले, काजं केली, गिऱ्हाइकाच्या नवऱ्यांना गप्प केलं. कात्रीला हात लावला नाही.

आणि आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तू कापड पसरायचीस, खडूने खुणा करायचीस, आणि मग कात्री न उचलता डोळे मिटायचीस. हात कापडाच्या वर चार बोटं, हवेत. पाठ, गळा, मुंढा, बाही, कटोरी, सगळं एकदा हवेत कापून झालं की मग कात्री. मुंढ्याशी, बाही जोडायच्या त्या गोलाईशी, आलीस की मनगट वळायचं, अगदी खरं कापताना वळतं तसंच. काउंटरवर मी चारचौघींना थोपवून धरलेलं असायचं आणि इकडे तुझं हे चाललेलं.

"अगं, कापायचं तर काप! एवढ्यात दुसरा ब्लाउज झाला असता."

"हवेत चुकलं तर कापड वाचतं, ताई."

"आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, ते?"

"ते तुम्ही जाऊ देत नाही ना."

वरसाव्याच्या त्या लग्नघरी गेलो होतो, आठवतं? नवरीकडच्या अकरा बायकांची मापं घ्यायची होती आणि टेप मी रिक्षात विसरले. तू ओटीवर बसलीस, एकेकीला समोर उभी केलीस आणि हवेतच बोटांनी खांद्यापासून कमरेपर्यंत रेषा ओढत गेलीस. त्यांची म्हातारी लांबून बघत होती. ती ओरडली, "आगो, ही बाय हवेत काय कापते? कापड त न्हाय!" सगळ्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकराच्या अकरा ब्लाउज बसले. दुरुस्तीला परत घेऊन एकही आली नाही. तेव्हाही मी तुला चांगलं म्हटलं नाही. घोडबंदरपर्यंत रिक्षात टेपवरून भांडत आले, जणू टेप तू विसरली होतीस.

मग त्या सकाळी टेबलाशी तुझ्या हातातून खडू पडला. तू वाकली नाहीस. मी म्हटलं, "उचल की." तू खडूकडे बघत राहिलीस आणि तुझ्या तोंडाची उजवी बाजू खाली आली.

हॉस्पिटलातून घरी आलीस ती उजवा हात उशीवर ठेवून, पाहुण्यासारखा. पाय महिन्याभरात चालू लागला, बोलणं जड पण समजेल इतकं आलं. हात आला नाही. किंजल नावाची ती फिजिओवाली मुलगी दर मंगळवारी सकाळी यायची. पहिल्या मंगळवारी मी दुकान बंद ठेवून घरी थांबले, कारण कोण काय विकतंय ते मला समोर बसून बघावं लागतं. तिने हात वाकवला, सरळ केला, बोटं उघडली, मिटली. इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, "आता नलूकाकी, डोळे बंद. मनात उजव्या हाताने पूर्ण ब्लाउज कापा. जसा दुकानात कापता तसाच. झालं की मला सांगा." आणि मोबाइलवर वेळ लावली.

मी म्हटलं, "मनात? हात हलत नाही म्हणून तुम्हाला बोलावलं ना? मनात कापायला तुम्ही कशाला हव्यात?"

ती पोरगी चिडली नाही. म्हणाली, "काकी, हात हलवताना डोक्यातला जो भाग काम करतो ना, त्यातला बराचसा नुसतं मनात केलं तरी जागा होतो. हात बंद आहे, पण आतला रस्ता चालू ठेवायचा. फक्त मनात करून हात येणार नाही, खरा व्यायाम पण पाहिजेच. दोन्ही."

"आणि ही झोपली नाही हे कसं कळणार?"

"वेळेवरून. चांगल्या माणसाला मनात करायला साधारण तेवढीच वेळ लागते जेवढी खरं करायला. तुम्ही करून बघा."

तिने मला पाच हूक लावायला दिले. खरे लावले, नऊ मिनिटं. मग डोळे मिटून मनात लावले, तीन मिनिटांत "झालं" म्हटलं. किंजल हसायलाच लागली. "काकी, तुम्ही मध्ये उड्या मारल्या! सुईत दोरा कोणी ओवला? गाठ कोणी मारली?"

आणि तू, उशीला टेकलेली, अर्ध्या तोंडाने हसत म्हणालीस, "ताई... मनात पण... गिऱ्हाईक उरकतात."

मी त्यावेळी रागावले. आज वाटतं, माझ्याबद्दल याहून खरं कुणी बोललं नाही.

मग तू डोळे मिटलेस. खरा कटोरी ब्लाउज अस्तरासकट तू चौदा मिनिटांत कापायचीस, हे मला पाठ होतं. चौदा झाली, वीस झाली, तीस झाली. एक्केचाळीस मिनिटांनी तू "झालं" म्हणालीस आणि तुझ्या कपाळावर घाम होता. मी किंजलला बाहेर नेऊन म्हटलं, झोपली होती. ती म्हणाली, "नाही काकी. डाव्या हाताने मनात कुलूप उघडायला सांगितलं तर पटकन करतात. उजव्याने सांगितलं की वेळ लागते. मनातला उजवा हात पण आजारी आहे. पण बघा, तो पूर्ण ब्लाउज कापून आला. खरा हात एक बोट हलवत नाही आणि तो पूर्ण कापून आला. वेळ खरी लिहा फक्त. त्यावरून मी पुढचं ठरवणार."

वेळ खरी. एवढंच मागितलं होतं तिने.

मंगळवार सोडून बाकीच्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी तुझ्याकडे यायची. तू डोळे मिटायचीस, मी मोबाइल धरायची. पहिल्या दिवशी तू डोळे उघडून विचारलंस, "किती?" बेचाळीस झाली होती. मी म्हटलं, "तीस."

का म्हटलं? आता लोकांना सांगताना मी म्हणू शकते की तुझा चेहरा बघवला नाही. ते अर्धंच खरं आहे. गिऱ्हाईक हो-नाही करत असलं की मी आकडा फिरवते, ही माझी बारा वर्षांची सवय आहे. तोंडातून आकडा निघाला तेव्हा तू माझ्यासाठी गिऱ्हाईक होतीस आणि मला तुला तुझाच हात विकायचा होता. तुझ्या ओठाची सरळ बाजू वर गेली. माल खपला, मला कळलं.

मग रोज थोडं थोडं. सत्तावीस, पंचवीस, बावीस. खरी वेळ चाळीसवरून पस्तीसवर येत होती, तीही काही कमी नव्हती, पण माझ्या आकड्यापुढे ती मला गरीब वाटायची. खरा हातही थोडा थोडा उठत होता. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं. एकदा तू खडू उचललास, तीन बोटं वर, आणि पुन्हा ठेवलास. मी टाळी वाजवली. तू म्हणालीस, "हळू. घाबरेल."

कोण घाबरेल, मी विचारलं. तू हाताकडे बघितलंस.

अकराव्या आठवड्यात मी "चौदा" म्हटलं. त्या दिवशी खरी वेळ एकतीस होती. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस. मला वाटलं, आनंदाने.

त्याच आठवड्यात रंजनाबेन आली, मुलीच्या लग्नाची साडी घेऊन. तिच्या घरचे सगळे ब्लाउज तू कापलेले. तू आजारी पडल्यावर मी आणलेला कारागीर तिला पसंत नव्हता आणि समोर नवीन दुकान उघडलं होतं. काउंटरवर हात ठेवून तिने विचारलं, "नलूबेन कापशे ने? नहीं तो मैं सामने देती हूँ, बुरा मत मानना."

मी म्हटलं, "नलूच कापेल. हात आला तिचा. चौदा मिनिटांवर आलीय, पहिल्यासारखी."

बघ नलू, आकडा मीच बनवला आणि मीच त्याला गिऱ्हाईक झाले.

दुसऱ्या दिवशी तुला रिक्षाने दुकानात आणलं. तू वाटेत एकदाच विचारलंस, "ताई, आज... नक्की?" मी म्हटलं, "रंजनाबेनला शब्द दिलाय मी."  पदर नीट केलास.

टेबलाशी तू, समोर रंजनाबेन आणि तिची मुलगी, बाकावर दोन बायका, मशीनवरच्या आपल्या दोघी. ब्लाउजपीस एकच, साडीतूनच कापून दिलेला. तू खुणा केल्यास, खडू डाव्या हातात. मग डोळे मिटलेस. उजवा हात कापडावर चार बोटं उचललास. तो खरंच उचलला गेला, सगळ्यांनी बघितलं. आणि तू हवेत कापायला लागलीस. फार हळू. पाच मिनिटं गेली, तू अजून पाठीवरच होतीस. रंजनाबेनने घड्याळ बघितलं. तिची मुलगी मोबाइल बघायला लागली. मला समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती.

मी म्हटलं, "नलू, आटप."

तू डोळे उघडलेस. अर्ध्यातच. मुंढा अजून आलाच नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा तू हवेत पूर्ण न कापता कात्री घेतलीस.

पहिले दोन इंच सरळ गेले. मग मनगट वळायला हवं होतं तिथे वळलं नाही. पातं तिरकं गळ्याकडे घुसलं. रंजनाबेनने "हाय हाय!" म्हणून कापड ओढलं, त्याने आणखी फाटलं. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, मी ओरडले: "मला फसवलंस तू! डोळे मिटून रोज झोपा काढल्यास आणि म्हणे मनात कापतेय! माझं नाव घालवलंस!"

तुझा अंगठा कात्रीच्या कडीत अडकला होता. निघत नव्हता. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू डाव्या हाताने उजवा अंगठा हळूहळू त्या कडीतून काढत होतीस. कुणी पुढे आलं नाही. मीही नाही. अंगठा निघाल्यावर तू कात्री टेबलावर सरळ ठेवलीस, पाती मिटून, नेहमीसारखी.

"ताई, रिक्षा... बोलवा," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर तू डोळे मिटले नाहीस. किंजल सांगायची, तू म्हणायचीस, "आता कापायचं काही नाही." हात वाकवू द्यायचीस, सरळ करू द्यायचीस. बोटं जी जवळ आली होती ती पुन्हा लांब गेली. तीन महिने मी समोरच्या दारातून तुझ्याकडे डबे पाठवत राहिले. कोलंबीचं कालवण, अळूवडी, तुला आवडते ती तांदळाची उकड. तू डबे धुऊन परत पाठवायचीस, डाव्या हाताने धुतलेले, कडेला थोडा साबण राहिलेला. मला वाटायचं, आधी तिने बोलावं. कापड तिने बिघडवलं. मी माझ्याच खोटेपणावर रुसून बसले होते आणि मला ते कळतही नव्हतं, इतकी मी माझ्या आकड्याला भुलले होते. मग एका सकाळी भाऊजींनी आमचं दार वाजवलं. मी आले तेव्हा दुसरा झटका येऊन गेला होता आणि तुला कुणाची गरज राहिली नव्हती.

तेराव्यानंतर किंजल भेटायला आली. चहा घेतला नाही. मी तिच्याशीही भांडायला बसले होते, कारण मला कुणीतरी हवंच होतं. म्हटलं, "तुमच्या त्या मनातल्या कापण्यावर विश्वास ठेवला आणि बघा. चौदा मिनिटांवर आली होती. मग हात का नाही चालला?"

ती म्हणाली, "चौदा कधीच नव्हती काकी. एकतीस होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी दर मंगळवारी स्वतः लावायचे ना वेळ. तुम्ही दुकानात असायच्या. नलूकाकींना पण मी दर वेळी सांगायचे. मंगळवारी माझ्याकडून पस्तीस, बुधवारी तुमच्याकडून अठरा. मी म्हटलं होतं, काकींना सांगते मी. त्यांनीच नको म्हटलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ताईंना वाटतंय मला बरं वाटावं. वाटू दे त्यांना."

नलू, मी भाव सांगण्याआधी समोरच्याने दुसऱ्या दुकानात भाव विचारलाय का, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखते. त्यावर मी माझं आयुष्य उभं केलं. आणि तू दर आठवड्याला दुसरीकडून खरा भाव घेऊन माझ्यासमोर बसत होतीस. मी तुझा चेहरा वाचला नाही. चौदा म्हटल्यावर तू जे बघत राहिलीस, तो आनंद नव्हता. मी आणखी किती खाली जाते ते तू बघत होतीस.

मी किंजलला विचारलं, "मध्ये आटप म्हटलं नसतं तर? एकतीस मिनिटं मिळाली असती तर कापलं असतं तिने?"

 खोटं बोलता येत नाही त्या पोरीला. "माहीत नाही काकी. मनात होणं आणि हाताने होणं एक नाही. पण पहिल्यांदा खरं कापड द्यायचंच होतं, तर जुनी चादर द्यायची होती. घरी. कुणी नसताना."

रंजनाबेनचा तो पीस माझ्याकडे आहे. मी तिला दुसरं कापड आणून दिलं आणि हा ठेवून घेतला. ते दोन इंच मी रोज बघते. दोऱ्यासारखे सरळ आहेत. अडीच महिने जे तू डोळे मिटून केलंस ते एवढं उतरलं होतं हातात. त्याला मी झोपा म्हटलं.

आता दुपारी दुकान बंद केलं की मी तुझ्या टेबलाशी बसते. डोळे मिटते आणि मनात ब्लाउज कापायचा प्रयत्न करते. पाठ कशीबशी होते. मुंढ्याशी आलं की हात थांबतो. मनगट कुठे वळवायचं ते मला माहीतच नाही, कारण मी कधी वळवलेलं नाही. बारा वर्षं समोर बसून बघितलं तरी नाही. हाताला जे कधी ठाऊक नव्हतं ते मनात कुठून आणणार?

मग मी दुसरंच करते. मनात त्या दिवसाच्या दुकानात जाते, काउंटर ओलांडते आणि कात्रीच्या कडीतून तुझा अंगठा काढते. वेळ लावून बघितली. उड्या न मारता, सगळं नीट केलं तरी पाऊण मिनिट. पाऊण मिनिटाचं काम होतं, आणि हे मला करता येतं, कारण तुझे हात मी हॉस्पिटलात रोज पुसले होते.

मी आयुष्यात फसवणाऱ्याला सोडलं नाही, तुला माहीत आहे. अस्तर आटलं म्हणून त्या कापडवाल्याच्या दारात बादली घेऊन बसले होते, त्याच्यासमोर धुऊन दाखवलं, तेव्हा तू लाजून गल्लीच्या टोकाला उभी राहिली होतीस. आता फसवणारी मी आहे. भाऊजींना परवा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी." दुकानातल्या दोघींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं." रंजनाबेनला सांगायला तिच्या घरी गेले, ती रडायला लागली आणि मलाच पाणी दिलं. कुणी मला जाब विचारत नाही. विचारणारी एकच होती, आणि तिने विचारला नाही, म्हणून माझा राग आजही तुझ्यावर आहे.

तुला सगळं माहीत होतं. सहा माणसं होती, मी ओरडत होते, तुझी जीभ जड होती तरी एवढं तुला येत होतं. रिक्षा बोलवा म्हणालीस ना, तेवढ्याच श्वासात म्हणायचं होतंस, "ताई, घड्याळ तुमच्या हातात होतं." एवढंच. मी तिथेच खाली बसले असते. का नाही म्हणालीस? माझं नाव वाचवलंस? कुणी सांगितलं होतं तुला वाचवायला? मला उत्तर पाहिजे, नलू. हळू बोल, एकतीस मिनिटं लागू देत, मी आटप म्हणणार नाही.